हिशेबनिसाची उमेदवारी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखाद्या जुन्या पेढीवर गेलात, तर पाटावर नव्या वह्या मांडलेल्या दिसतील. लाल कापडाची बांधणी, पहिल्या पानावर मधोमध ‘श्री’, वर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचे फूल. मालक पूजा करतात, पोरे बत्ताशांकडे डोळे लावून बसतात आणि एका बाजूला पेढीचे दिवाणजी हात जोडून उभे असतात. वहीची पूजा होते, तिजोरीची होते, अलीकडे तर संगणकालाही कुंकवाचे बोट लागते. ज्या माणसाने वर्षभर ती वही लिहिली, त्याला ही विद्या कोणी शिकवली, किती वर्षांत शिकवली आणि त्यापायी त्याने काय मोजले, याची चौकशी मात्र त्या आनंदाच्या घाईत कोणी करत नाही. यंदाच्या दिवाळीत तेवढी चौकशी करावी, असे मनात आले.

आपल्या भाषेत या शिक्षणाला एक फार बोलका शब्द आहे : उमेदवारी. ‘उमेद’ हा शब्द फारसीतून आला. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. आज हा शब्द निवडणुकीच्या मांडवात जाऊन बसला आहे (आशा तिथेही आहेच म्हणा!), पण दोनशे वर्षांपूर्वी उमेदवार म्हणजे कचेरीच्या एका कोपऱ्यात, पगाराशिवाय, थोरल्या कारकुनाच्या हाताखाली लिहीत बसलेला पोरगा. जागा रिकामी होईल, कोणाची तरी मर्जी बसेल, आणि मग आपले नाव हजेरीपटावर चढेल, एवढ्या आशेवर तो बसलेला असे.

पेशवाईत असा पोरगा बहुधा कोकणातून घाट चढून यायचा. येताना त्याच्याजवळ भांडवल कोणते? तोंडी गणित आणि बरे अक्षर. पाढे तीसांपर्यंत असून भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी इतके सारे घोकून झालेले असावे लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे ऐकून मुले हसतात. पण शेर, पायली, खंडी आणि रुपये-आणे यांच्या जगात हा पाढा ज्याला येई, त्याला कागद लागत नसे. अक्षर मोडी. आधी शिरोरेघ पानभर ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे ओवीत जायचे. शाई ओली असताना वर वाळू टाकायची. समर्थांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला, बोरू कसा तासावा आणि कागद कसा राखावा हेही सांगितले, ते उगाच नव्हे. हेमाडपंतांच्या नावावर चालत आलेली ‘मेस्तके’ही होती, कारकुनाने कागद कसे लिहावेत, हिशेब कसा मांडावा, याच्या नियमांच्या त्या पोथ्या. त्या वाचून कोणी हिशेबनीस झाला असेल, असे मात्र मला वाटत नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीत उडी टाकणाऱ्यासारखेच ते.

या पोराची पहिली अडचण आकड्यांची नसून तारखेची असे. सरकारी कागदावर साल लिहायचे ते अरबी शब्दांत. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. पानिपतचा संग्राम झाला ते वर्ष दप्तरात ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे पडते : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११६१. गुहागर-चिपळूणकडचा, घरी संध्या आणि रुद्र म्हणणारा बटू पुण्यात येऊन अरबी अंक घोकतो आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. पोटाची विद्या सोवळे-ओवळे पाळीत नाही.

मग त्याला कळू लागे की हिशेब हे एकट्या माणसाचे काम नाही. मामलेदाराच्या कचेरीत त्याच्यावर नजर ठेवायला दरखदार नेमलेले असत आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलेदाराला नसे. मुजुमदाराने हिशेब आधी पाहून पसंत करावा, मग तो फडणिसाकडे जावा. फडणिसाने कागदावर तारीख घालावी आणि रोजचा हिशेब बांधावा. दफ्तरदाराने त्यावरून महिन्याचा गोषवारा करून हुजुरास पाठवावा. पोतनिसाने वसूल आणि शिल्लक लिहावी, पोतदाराने नाणे पारखावे. हा कागदाचा प्रवास नीट पाहिला, तर आजकालचे लेखापरीक्षक ज्याला अंतर्गत तपासणी म्हणतात ती हीच, हे ध्यानात येईल. एकाने लिहायचे, दुसऱ्याने पाहायचे, तिसऱ्याने पैसा हाताळायचा. तिघांनी संगनमत केल्याखेरीज चोरी होऊ नये. आपल्या आळीतले मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस आणि पोतदार आज डॉक्टर असतील, नाटकात काम करत असतील, पण त्यांच्या दारावरच्या पाट्या वाचत गेले की एका जुन्या कचेरीचा सगळा बंदोबस्त डोळ्यांपुढे उभा राहतो.

पुण्याचा हुजूरफड ही या विद्येची मोठी शाळा. तिथे हिशेबाची निरनिराळी अंगे निरनिराळ्या दप्तरांत वाटलेली होती. त्यांतल्या एकबेरीज दप्तरात सगळीकडून आलेले हिशेब एकत्र येत, रोजकीर्दीवरून खतावण्या होत आणि वर्षाच्या जमा, खर्च व शिल्लक यांचे तर्जुमे तयार होत. नाना फडणिसांच्या काळात या फडावर दोनशेहून अधिक कारकून होते, असे सांगतात. दोनशे कारकून म्हणजे त्यांच्या हाताखाली किती उमेदवार, याचा अदमास वाचकांनीच करावा.

खुद्द नानांची गोष्ट या बाबतीत मनोरंजक आहे. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव भानू श्रीवर्धनचे. बाळाजी विश्वनाथांच्या बरोबर आले, फडणिशीवर चढले आणि १७१९ साली दिल्लीच्या दंग्यात मारले गेले. नानांचा जन्म १७४२ चा, साताऱ्याचा. १७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि चौदाव्या वर्षी फडणिशीची वस्त्रे या मुलाच्या अंगावर आली. चौदाव्या वर्षी! आज त्या वयाचा मुलगा नववीत असतो आणि खाऊच्या पैशांचाही हिशेब देत नाही. हुद्दा वारशाने मिळाला हे खरे, पण काम वारशाने येत नाही. ते हाताखालच्या मुरलेल्या कारकुनांजवळ बसूनच यायचे. सदाशिवरावभाऊसुद्धा हिशेबाच्या कामात तयार झाले ते रामचंद्रबाबा शेणवी यांच्या तालमीत. पेशव्यांच्या घरातल्या माणसालाही ती तालीम चुकली नाही.

पुढे १७६१ साली नाना पानिपतावर होते, आई तिकडेच गमावली, आणि जीव घेऊन कसेबसे परत आले. त्यांनी आपले आत्मचरित्र मागे ठेवले आहे, ते वाचताना या माणसाचा स्वभाव कळतो : आपल्या आयुष्याकडेही तो जमा आणि नावे अशा दोन बाजूंनी पाहतो, आणि नावेची बाजू लपवीत नाही. कीर्द लिहिणाऱ्याला ही सवय लागते असे मी म्हणणार होतो, पण पुष्कळ हिशेबनीस पाहिल्यावर तो मोह आवरतो.

दुसऱ्या बाजीरावांच्या कारकिर्दीत महाल इजाऱ्याने दिले जाऊ लागले. जो जास्त रक्कम कबूल करील त्याने वसूल करावा. मग गावोगावचे बारीक हिशेब हुजुरास कशाला हवेत? दप्तराची आबाळ झाली. राज्ये लढाईत बुडतात असे आपण शाळेत शिकतो. हे राज्यही १८१८ साली लढाईतच गेले. परंतु त्याच्या आधी कित्येक वर्षे त्याच्या खतावण्या अपुऱ्या राहू लागल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे.

या जुन्या व्यवस्थेचे गुण सांगितले, तर तिचा मोठा दोषही सांगितला पाहिजे. ही शाळा सगळ्यांसाठी उघडी नव्हती. कुलकर्ण्याचा मुलगा गावकामगाराचे दप्तर बापाच्या मांडीशी बसून शिके, देशपांड्याचा मुलगा परगण्याचे. बाहेरून येणारा उमेदवारही ठरावीक ब्राह्मण किंवा प्रभू घरातलाच असायचा. ज्या कुणब्याच्या नावावर बाकी निघे, त्याला ती बाकी वाचता येत नसे. लिहिणारा एक आणि देणारा एक, आणि मध्ये मोडीची भिंत. या भिंतीने किती जमिनी गिळल्या, त्याची खतावणी कोणी केलेली नाही.

कंपनी सरकार आले, साहेब खुर्चीवर बसला, पण खाली जाजमावर तोच मोडी लिहिणारा कारकून राहिला आणि त्याच्या मागे तोच बिनपगारी उमेदवार. खरा पालट झाला तो मुंबईत, गिरण्या आणि कंपन्या निघाल्यावर. १८५४ मध्ये पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, आणि बॅक बे भरून काढण्याच्या कंपनीपासून नाही नाही त्या शेअरांवर शहर वेडे झाले. १८६५ च्या १ जुलैला वायद्यांचा दिवस उजाडला आणि सगळा फुगा फुटला. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्या तडाख्यातून वाचली नाही. पेढीवरची वही घरच्या माणसाची असते. मालकाला दिवाणजीचा स्वभाव ठाऊक असतो. पण कंपनीत पैसा शेकडो अनोळखी लोकांचा. त्यांच्या वतीने वही कोणी पाहायची? जो पाहील त्याला ते काम येते कशावरून?

इंग्लंड-स्कॉटलंडात या प्रश्नाचे उत्तर उमेदवारीनेच दिले होते. एडिंबरोच्या हिशेबतज्ज्ञांना १८५४ साली राजाची सनद मिळाली, इंग्लंडातल्यांना १८८० साली. सनद म्हणजे चार्टर, आणि म्हणून ते ‘चार्टर्ड’. तिथला मुलगा शाळा संपवून एखाद्या सनदी हिशेबनिसाशी करार करी. या कराराच्या कलमांना ‘आर्टिकल्स’ म्हणत, म्हणून तो ‘आर्टिकल्ड क्लार्क’. आपल्याकडे कचेऱ्यांतून ‘तो अमक्याकडे आर्टिकल आहे’ असे म्हणतात, म्हणजे शब्दशः पाहिले तर ‘तो अमक्याकडे कलम आहे’! इंग्लंडात ही मुदत पाच वर्षांची असे, पदवीधरास तीन. मुलाने इमानाने काम करावे, कागद बिघडवू नयेत, अशिलांच्या गोष्टी बाहेर फोडू नयेत. मालकाने त्याला धंदा शिकवावा. आणि बापाने काय करावे? बापाने मालकाला भली मोठी रक्कम मोजावी. तिला ‘प्रीमियम’ म्हणत. आपला उमेदवार फुकट राबे. विलायती उमेदवार पैसे देऊन राबे. सुधारणा म्हणतात ती हीच असावी.

हिंदुस्थानात १९१३ च्या कंपनी कायद्याने प्रथमच ठरवले की हिशेब तपासणाऱ्याजवळ सरकारचा दाखला पाहिजे. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, आणि १९१८ पासून मुंबई सरकारने ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकौंटन्सी’, म्हणजे जी. डी. ए., ही पदविका सुरू केली. नुसती परीक्षा देऊन ती मिळत नसे. मान्यताप्राप्त हिशेबतज्ज्ञाच्या कचेरीत तीन वर्षे आर्टिकल म्हणून काढावी लागत. जुन्या मुंबईकरांच्या घरात ‘जी. डी. ए.’ ही तीन अक्षरे नावामागे लावलेल्या पितळी पाट्या अजून सापडतील.

आणि नेमक्या याच १९१८ साली सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून एक सत्तावीस वर्षांचे गृहस्थ रुजू झाले : भीमराव रामजी आंबेडकर. त्यांनी सगळ्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. लंडनहून परत आल्यावर १९२५ ते १९२८ या वर्षांत त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. वकिली नवीन होती, प्रपंच चालवायचा होता, म्हणून पत्करलेले हे अर्धवेळेचे काम. चरित्रकार त्यावरून झरकन पुढे जातात आणि महाडच्या तळ्याकडे वळतात. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. ज्याच्या आजोबा-पणजोबांना फडाच्या पायरीवरही कोणी उभे केले नसते, तो आता होऊ घातलेल्या हिशेबनिसांना करार म्हणजे काय, हुंडी म्हणजे काय, भागीदाराची जबाबदारी कुठवर, हे शिकवीत होता. त्या बाकांवर फडणीस-मुजुमदारांची मुले बसली असतील की नाही कोण जाणे. बसली असतील तर त्यांनी वह्या उघडून टिपणे घेतली असतील एवढे नक्की.

आर्टिकलचे काम दिसायला अगदी रुक्ष. पहिले सहा महिने बेरजा. तेव्हा रुपये, आणे, पै अशी तीन खणांची आखणी. पैचा रकाना बाराला हातचा घेतो, आण्याचा सोळाला, रुपयाचा दहाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ही कसरत हळूहळू संपली. मग व्हाउचर पाहायचे : कीर्दीतली प्रत्येक रक्कम हातातल्या पावतीशी ताडायची आणि रंगीत पेन्सिलीने बारीकशी खूण करायची. खूण करणे सोपे; पाहणे अवघड. पावतीची तारीख रविवारची नाही ना? एका महिन्याच्या तीस पावत्या एकाच दौतीच्या शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत नाहीत ना? वर्षअखेरीला गोदामात जाऊन गासड्या मोजायच्या, आणि पुढची गासडी मोजून झाल्यावर मागची रिकामी खोकी नाहीत हेही बघायचे. हे कोणत्याच पुस्तकात शिकवता येत नाही.

ताळा जमेना की थोरला कारकून पहिल्यांदा विचारी, ‘फरक कितीचा आहे? नवाने भाग जातो का?’ जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे : ५४ चे ४५ लिहिले गेले, फरक नऊ. फरक दोनाने भागून येणारी रक्कम वहीत सापडली, तर जमेची रक्कम नावे पडली असावी. नवाचा ताळा आपल्या आजोबांनाही माहीत होता. आर्टिकलला तो पुन्हा, घामाने शिकावा लागे, आणि रात्री नऊ वाजता इराण्याच्या दुकानात चहा पिताना ‘सापडला!’ म्हणून सांगायला शेजारी दुसरा आर्टिकल असे. सारी कचेरी घरी गेल्यावर सापडलेल्या त्या पावणेपाच आण्यांचा आनंद नाटकाच्या तिकिटाने मिळत नाही.

पण या खोलीत मुलींना जागा नव्हती. खुद्द इंग्लंडात मेरी हॅरिस स्मिथ या बाईंनी १८९१ साली अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्यांना प्रवेश मिळाला १९२० मध्ये, केस पिकल्यावर. आपल्या देशात हे दार उघडले मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी. कायदेभंगाच्या चळवळीत त्या वर्षभर तुरुंगात होत्या. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी जी. डी. ए. चा रस्ता धरला. मद्रासमध्ये सी. एस. शास्त्री यांनी त्यांना आर्टिकल म्हणून घेतले आणि १९३३ साली त्या उत्तीर्ण झाल्या. धंदा करण्यासाठी त्यांना कायद्याशीही झगडावे लागले. त्या काळी तुरुंगात जाऊन आलेली मुलगी म्हणजे घरच्यांना लग्नाची काळजी. तिने हिशेबाची वही हातात घेतली आणि पुढे दक्षिणेतल्या सनदी लेखापालांच्या प्रादेशिक मंडळाचे अध्यक्षपदही सांभाळले. आज आर्टिकलशिप करणाऱ्या मुलींची संख्या पाहिली की शास्त्री यांच्या त्या एका होकाराची किंमत कळते. विद्यार्थी परीक्षेने घडत असेल, उमेदवार कोणीतरी जवळ बसवून घेतल्यावाचून घडत नाही.

१९३२ च्या नियमांनी ‘रजिस्टर्ड अकौंटंट’ आले आणि स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, संसदेचे काम करणाऱ्या घटनासभेनेच चार्टर्ड अकौंटंट्सचा कायदा मंजूर केला. तो अमलात आला १ जुलैला. शेअरबाजार कोसळला तोही १ जुलैच. योगायोग खरा, पण हिशेबनिसांनी तो विसरू नये असा आहे. नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष मुंबईचे जी. पी. कापडिया. सनद आता विलायतेच्या राजाची नव्हती. नाव मात्र चार्टर्डच राहिले. राजा गेला आणि सनद उरली!

प्रीमियमची चाल त्यानंतरही काही काळ टिकली, आणि तिने कितीतरी हुशार मुलांची वाट अडवली. ज्या घरात मॅट्रिकच्या फीलाच उसनवारी, तिथे मालकाला देण्यासाठी हजारांच्या भाषेत कोण बोलणार? अशी मुले मग दुकानात दिवाणजी झाली आणि जन्मभर ज्या वह्या लिहीत राहिली, त्यांवर सही करायला दुसरेच कोणी येत राहिले. पुढे ही चाल बंद झाली आणि उलट मालकानेच उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यावे असा नियम झाला. ते वेतन मुंबईत खानावळीलाही पुरत नाही, ही गोष्ट वेगळी; परंतु पैशाचा ओघ उलटा फिरला हे लहान काम नव्हे. ‘क्लार्क’ हा शब्दही गेला, आता ‘असिस्टंट’ म्हणतात. आणि १ जुलै २०२३ पासून तीन वर्षांची मुदत दोन वर्षांवर आली आहे. मुले खूश आहेत. मला स्वतःला दोन वर्षे थोडी वाटतात. गोदामात उभे राहून मागच्या गासड्यांचा संशय यायला दोन दिवाळ्या पुरतात का?

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आजही बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडून पंचेचाळीस भाग छापले, तरी न वाचलेले रुमाल किती तरी अधिक. मोडी वाचणारे थोडे, आणि आता तेही नव्याने शिकणारे. अशा वर्गात एखादी मुलगी भिंगाखाली कीर्दीचा एक बंद धरून अडखळत वाचते : साल अरबीत, तारीख, मग जमेची कलमे, रुपयांपुढे पाव-अर्ध्याच्या उभ्या दांड्या, आणि खाली बेरीज. शेजारी बसलेले शिक्षक म्हणतात, ‘बेरीज पुन्हा करून पाहा.’ ती पाहते. जमते. लिहिणाऱ्याचे नाव कागदावर नाही.